मेदाचा हिशेब मेंदूच्या दप्तरी

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, लेखापरीक्षकांचे निवेदन आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा अभ्यासपर लेख द्यावा, असा प्रघात आहे. आजवर हे लेख बहुधा आमच्या डॉक्टर मंडळींनी लिहिले. यंदाचा विषय मात्र प्रशासकाच्या टेबलावरून निघाला, म्हणून लेखनाचे काम माझ्याकडे आले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय मजकूर आमच्या अंतःस्रावतज्ज्ञांकडून समजून घेऊन तो सर्वांना उमगेल अशा भाषेत मांडण्याचा येथे यत्न केला आहे.

विषयाचे निमित्त असे. निर्धन रुग्ण निधीतून मदत मिळावी म्हणून येणाऱ्या अर्जांमध्ये अलीकडे अतिलठ्ठ बालकांचेही अर्ज असतात. अशा एका अर्जाच्या वेळी समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, ‘‘ज्यांना खायला मिळत नाही त्यांच्यासाठी ठेवलेला पैसा, ज्याने जास्त खाल्ले त्याच्यावर आपण का खर्च करावा?’’ प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. न्यासाचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी विश्वासाचा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे, तर शरीरातील मेदाचा हिशेब कोण ठेवतो, येथपासून सुरुवात करावी लागते.

प्रथम साधे अंकगणित पाहू. एखादी प्रौढ व्यक्ती दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी एवढे अन्न घेते असे धरले, तर वर्षाची जमा ७,३०,००० किलोकॅलरी होते. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे वर्षाला एक किलो वजन वाढणाऱ्या माणसाच्या जमाखर्चात तफावत असते ती जेमतेम एक टक्क्याची; रोजची एक लहान चमचा साखर! कोणी अन्न तोलून खात नाही, चाललेली पावले मोजत नाही, सणावाराला पुरणपोळी खातो आणि एकादशीला उपास करतो. तरीही बहुसंख्य माणसांचे वजन वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने तेथेच राहते. इतका चोख हिशेब आमच्या लेखा विभागाकडूनही दरवर्षी मिळतोच असे नाही. हा हिशेब आपण जाणीवपूर्वक ठेवत नाही, हे उघड आहे. मग तो ठेवतो कोण?

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे खोलवर, हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याचे वजन जेमतेम चार ग्रॅम. शरीराचे तापमान, तहान, झोप, वयात येणे अशा अनेक गोष्टींचा कारभार येथून चालतो. १९०१ साली व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रोलिश यांनी या भागाजवळ गाठ झालेल्या एका लठ्ठ मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील नेमक्या जागी इजा केली असता ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. कारभाराची जागा कळली. पण शरीरात मेद किती शिल्लक आहे ही वार्ता तेथे पोहोचते कशी, हे कोडे राहिले.

त्याची उकल उंदरांनीच केली. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन लॅबोरेटरी ही संस्था आहे. १९४९ साली तेथील उंदरांत एक जात अशी निपजली की तिची पिल्ले अखंड खात आणि इतर उंदरांच्या तिप्पट वजनाची होत. हा दोष एकाच जनुकात होता. पुढे १९६६ साली त्याच संस्थेत लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या उंदरांची दुसरी जात नोंदवली गेली. तिचा दोष दुसऱ्याच जनुकात होता. दिसायला दोन्ही जाती जवळजवळ सारख्या. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने त्यांचा भेद एका धाडसी प्रयोगाने दाखवला. शस्त्रक्रियेने दोन उंदीर एकमेकांना असे जोडायचे की त्यांचे रक्त थोडे थोडे एकमेकांत मिसळेल. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा निरोगी उंदराने अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले आणि वजन उतरले. शेवटी दोन्ही लठ्ठ उंदीर परस्परांना जोडले. पहिल्या जातीचा उंदीर उपाशी राहून मेला, दुसरा लठ्ठच राहिला.

कोलमन यांचा निष्कर्ष वाचताना मला एखाद्या कसलेल्या तपासनिसाची आठवण झाली. रक्तातून ‘आता पुरे’ असा निरोप नेणारा कोणता तरी पदार्थ आहे. पहिल्या जातीला तो निरोप तयारच करता येत नाही, पण आला तर वाचता येतो. दुसरी जात निरोप भरपूर तयार करते, मात्र तिला तो वाचता येत नाही. हा पदार्थ कोणी पाहिलेला नव्हता, आणि तो सापडायला १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक शोधून काढले. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. लेप्टिन चरबीच्या पेशींतच तयार होते. चरबी जितकी अधिक, तितके रक्तातील लेप्टिन अधिक. पुढच्याच वर्षी ते वाचणारे ग्राहक प्रथिनही सापडले. हायपोथॅलॅमसमधील पेशींवर ते असते.

हे सारे उंदरांचे झाले. माणसाचे काय? १९९७ साली केंब्रिजमधील स्टीफन ओराहिली, सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत-मावस नात्याच्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघेही जन्मले तेव्हा वजनाने सर्वसाधारण होते. मुलीला चालणे कठीण झाले होते, पायांच्या हाडांवर शस्त्रक्रिया झाली होती, पायांची चरबीही शोषून काढली होती. त्यांच्या रक्तात लेप्टिन नावापुरतेच आढळले. लेप्टिनच्या जनुकातील एकच अक्षर गळालेले होते. त्या एका अक्षरापायी पुढचा सगळा मजकूर निरर्थक झाला होता. मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू करण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार उपचाराच्या आरंभी तिचे वजन ९४.४ किलो होते आणि बारा महिन्यांत त्यातील १६.४ किलो कमी झाले. घरातील स्वयंपाक तोच होता, आईवडीलही तेच होते. अन्नासाठी रडणारी, कपाटे धुंडाळणारी अशी मुले सामान्य मुलांसारखी पानावरून उठू लागतात, हे केवळ एका संप्रेरकामुळे घडते. या मुलांच्या मातांना उपचारापूर्वी लोकांनी काय काय ऐकवले असेल, याची कल्पना आमच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कोणालाही करता येईल.

आता प्रत्यक्ष मेंदूत काय घडते ते थोडे सविस्तर पाहू, कारण लेखाचा गाभा तोच आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. एखाद्या बँकेच्या प्रत्येक शाखेत सर्व खात्यांच्या वह्या ठेवलेल्या असाव्यात, पण प्रत्येक शाखेने आपल्यापुरत्याच वह्या उघडाव्यात, तसे हे असते. कोणती वही कोठे, केव्हा आणि किती वेळ उघडायची, यालाच जनुकांचे नियमन म्हणतात. हायपोथॅलॅमसच्या ‘आर्क्युएट’ नावाच्या केंद्रकात दोन प्रकारच्या चेतापेशी शेजारी शेजारी असतात. पंगतीच्या भाषेत सांगायचे, तर एका गटाचे काम ‘पुरे’ म्हणणे आणि दुसऱ्याचे ‘वाढा’ म्हणणे. ‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशींत पीओएमसी हे जनुक वापरात असते, तर ‘वाढा’ म्हणणाऱ्या पेशींत एजीआरपी हे जनुक.

लेप्टिन रक्तातून येऊन या पेशींवरील ग्राहकाला चिकटते. त्यासरशी पेशीच्या आत स्टॅट-३ नावाच्या प्रथिनावर एक रासायनिक शिक्का उमटतो. शिक्का बसलेले स्टॅट-३ पेशीच्या केंद्रकात शिरते आणि पीओएमसी जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागावर जाऊन बसते. जनुकाचे वाचन वाढते आणि ‘पुरे’चा संदेश देणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार होते. ‘वाढा’ म्हणणाऱ्या पेशींत नेमके उलट होऊन एजीआरपीचे वाचन मंदावते. उपाशीपोटी पारडे फिरते. लेप्टिन आणि इन्सुलिन उतरले की फॉक्सो-१ नावाचे दुसरे प्रथिन केंद्रकात येते. पीओएमसीच्या दाराशी ते स्टॅट-३ची वाट अडवते आणि एजीआरपीला चालना देते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की फॉक्सो-१ची केंद्रकाबाहेर रवानगी होते. एकाच जनुकाच्या उंबरठ्यावर दोन प्रथिनांची ही ओढाताण आयुष्यभर चालू असते. शिवाय लेप्टिनचा संदेश फार काळ चालू राहिला, तर स्टॅट-३ स्वतःच सॉक्स-३ या लगामाचे जनुक सुरू करते आणि संदेशाचा जोर कमी होतो. या लगामाला पुढे फार महत्त्व आहे.

पीओएमसीपासून बनलेले लांबलचक प्रथिन विकरांनी कापले जाते. त्याचा एक तुकडा शेजारच्या केंद्रकातील एमसी-४ या ग्राहकाला चिकटतो आणि भूक शमते. मग अनुकंपी चेतातंतूंमार्फत चरबीच्या पेशींना हुकूम जातो: साठा मोकळा करा. तपकिरी चरबीत उष्णता निर्माण करणारे जनुकही याच हुकमाने जागे होते. म्हणजे मेंदू ताटातील घास मोजतो, तसाच शरीराचा खर्चही तोच ठरवतो. या साखळीतील कोणताही दुवा निखळला, तर लहान वयातच लठ्ठपणा येतो. १९९८ साली जर्मनीतील संशोधकांनी पीओएमसीचा दोष असलेली मुले दाखवली. त्यांना लठ्ठपणाबरोबर अधिवृक्क ग्रंथींची दुर्बलता होती आणि केस तांबडे होते, कारण त्वचेचा व केसांचा रंग ठरवणारे संप्रेरकही याच प्रथिनातून कापून निघते. मूळचे केस काळे असलेल्या कुटुंबांत हे लक्षण तितके ठळक नसते. एमसी-४चा दोष याहून पुष्कळ अधिक आढळतो. लहानपणीच तीव्र लठ्ठपणा आलेल्या ५०० जणांच्या २००३ सालच्या पाहणीत ५.८ टक्के जणांत तो सापडला.

लेप्टिन सापडताच जगाला वाटले की लठ्ठपणाचे औषध हाती आले. अ‍ॅमजेन कंपनीने १९९५ साली त्याच्या हक्कांसाठी रॉकफेलर विद्यापीठाला दोन कोटी डॉलर मोजले. व्यवहार म्हणून तो फसला. कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट खूप असते. निरोप भरपूर जातात, पण मेंदू ते ऐकेनासा होतो. सॉक्स-३चा लगाम हे त्यामागील एक कारण मानले जाते. पुढच्या संशोधनातून असेही दिसले की लेप्टिनचे खरे महत्त्व ते वाढण्यापेक्षा ते घटण्यात आहे. लेप्टिन घटले की मेंदू दुष्काळ पडला असे समजतो. भूक खवळते, शरीराचा खर्च कमी होतो, वयात येणे लांबते, रोगप्रतिकारशक्तीही उतरते. दुष्काळ आपल्या लोकांना नवा नाही; पिढ्यानपिढ्या ज्यांच्या शरीराने काटकसर केली तेच तगले, हा तर्क पटण्यासारखा आहे. मात्र कष्टाने दहा टक्के वजन उतरवलेल्या माणसाचा मेंदूही हीच दुष्काळाची दवंडी पिटतो. रॉकफेलर विद्यापीठातील १९९५ सालच्या अभ्यासात अशा लोकांचा ऊर्जेचा खर्च अपेक्षेहून अधिक घटलेला आढळला. वजन उतरवून ते पुन्हा वाढलेल्या रुग्णाला आपण ‘निश्चय टिकला नाही’ असे सहज म्हणतो. निश्चयाचा भाग असतोच. पण समोर कोण उभे आहे तेही पाहायला हवे.

एकाच जनुकाच्या दोषाने येणारा लठ्ठपणा विरळा आहे. सर्वसामान्य लठ्ठपणात शेकडो जनुकांचे लहान लहान अंश एकत्र येतात. त्यांपैकी एफटीओ हा भाग २००७ साली उजेडात आला. ज्यांना त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या मिळाल्या, त्यांचे वजन सरासरी तीन किलोने अधिक आढळले. २०१५ साली सुमारे ३,४०,००० व्यक्तींच्या माहितीतून शरीरभाराशी संबंधित ९७ जागा निश्चित झाल्या, आणि त्या जागांची जनुके प्रामुख्याने मेंदूत कार्यरत असल्याचे दिसले. मेदाशी निगडित जनुके पोटात किंवा चरबीत सापडतील अशी आपली समजूत असते, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटली. त्याआधी १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींच्या अभ्यासातही त्यांची अंगलट जन्मदात्यांशी जुळली होती, पालनकर्त्यांशी जुळली नव्हती.

येथे एक आक्षेप येतो व तो योग्य आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जनुके बदलली नाहीत, मग लठ्ठपणा का वाढला? बदलले ते अन्न, बसून करण्याची कामे आणि झोप, यांत वाद नाही. जनुकांचा दाखला देऊन वडापाव आणि शीतपेयांना निर्दोष ठरवता येणार नाही. परंतु जनुक तेच राहूनही त्याचे नियमन बदलू शकते, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीच्या वेळी नोंद झाली होती. ३,००,००० तरुणांच्या त्या नोंदी १९७६ साली अभ्यासल्या, तेव्हा गर्भारपणाच्या पूर्वार्धात आई उपाशी राहिलेल्यांमध्ये लठ्ठपणा अधिक आढळला. भूक आवरणारी हायपोथॅलॅमसची केंद्रे घडताना हा परिणाम झाला असावा, असा अंदाज संशोधकांनी तेव्हाच मांडला होता. २००८ साली त्याच उपासमारीत गर्भात असलेल्या व्यक्तींच्या रक्ततपासणीत वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही बदललेल्या दिसल्या.

याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी फार कमी भरली. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ माणूसही आतून मेदयुक्त असू शकतो, हे भारतीयांनी लक्षात घ्यावे. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी जादा वजनाची मर्यादा २३ व लठ्ठपणाची २५ अशी खाली आणली, ती याच जातीच्या पुराव्यांवरून. समितीच्या त्या सदस्यांना मी हे अंक दाखवले, तेव्हा कुपोषित बालक आणि लठ्ठ बालक ही दोन वेगळी खाती नसून पुष्कळदा एकाच खात्याच्या दोन बाजू असतात, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले.

उपचारांविषयी थोडक्यात. पीओएमसी, लेप्टिन-ग्राहक आणि पीओएमसीचे प्रथिन कापणारे विकर यांच्या दोषांसाठी एमसी-४ ग्राहकाला थेट चालना देणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत २०२० साली मान्य झाले. ते अत्यंत महाग आहे. आपल्या निधीच्या आवाक्यात ते येईल, असे आश्वासन देता येत नाही. प्रौढांसाठीची जीएलपी-१ वर्गातील नवी इंजेक्शने २०२५ साली वजन घटवण्यासाठी भारतात आली. त्यांचा परिणामही बऱ्याच अंशी मेंदूवरच होतो. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ सालच्या अहवालात दिसले. मेंदूच्या दप्तरातील जुना आकडा इतक्या सहजी खोडला जात नाही. शेजाऱ्याने घेतले म्हणून ही इंजेक्शने घेऊ नयेत, अशी आमच्या डॉक्टरांची कळकळीची विनंती आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी लक्ष ठेवावे अशा काही खुणा आहेत. पाच वर्षांच्या आत वजन झपाट्याने वाढणे. जेवण होताच पुन्हा अन्नासाठी आकांत करणे, रात्री उठून खाणे. भावंडांपैकी आणखी कोणाला असाच त्रास असणे. आईवडिलांचे रक्ताचे नाते असणे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, ती माहिती डॉक्टरांना संकोच न करता सांगावी. मूल लठ्ठ असून उंचीने खुजे असेल, तर थायरॉइड व अन्य संप्रेरकांची तपासणी आधी होते. केवळ जादा आहाराने वजन वाढलेली मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. बहुतेक मुलांना जनुकीय तपासणीची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांच्यासाठी आमच्या समाजसेवा विभागात अर्ज मिळतो, आणि त्यासोबत शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला लागतो. तपासणीला येताना मुलाचे जन्मवजन आणि पहिल्या पाच वर्षांतील वजनाच्या नोंदी अवश्य आणाव्यात. वजन नेमके कोणत्या महिन्यापासून वाढू लागले, यावर डॉक्टरांचा बराच निर्णय अवलंबून असतो. घरी कागद सापडत नसतील, तर गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत ही वजने बहुधा मिळतात.